लिटररी एजंटकडे इंटर्नशिप: गोव्यातल्या हायर सेकंडरीच्या मुलांनी ती कशी मिळवावी

लिटररी एजंट लेखकाचं हस्तलिखित वाचतो, पटलं तर योग्य प्रकाशकापर्यंत नेतो, करार आणि भाषांतराचे हक्क सांभाळतो. लेखकाला मिळणाऱ्या पैशातून तो साधारण 10 ते 15 टक्के घेतो. मराठीत लेखक बहुधा थेट प्रकाशकाकडे जातात, म्हणून हा माणूस आपल्याला फारसा दिसत नाही. जयपूरची सियाही, दिल्लीची रायटर्स साइड अशा भारतातल्या एजन्सी मुख्यतः इंग्रजी पुस्तकांवर चालतात. हस्तलिखितं ईमेलनं येतात-जातात, त्यामुळे तुम्ही डिचोलीत राहता की काणकोणात, यानं काही अडत नाही.

अडतं ते वाचनापाशी. या एजन्सी चार-दोन माणसांच्या असतात आणि न वाचलेल्या हस्तलिखितांचा ढीग काही कमी होत नाही. त्यांना हवा असतो नीट वाचणारा आणि वाचलेलं एका पानात सांगणारा माणूस. सोळाव्या वर्षी तुमच्याकडे पदवी नसणार, अनुभव नसणार, पण हे एक पान असू शकतं. म्हणून अर्जाच्या आधी त्याचीच तयारी करा.

या पानाला रीडर्स रिपोर्ट म्हणतात. आधी पाच-सहा ओळींत गोष्ट सांगायची, शेवटासकट. इथं शेवट लपवायचा नसतो. मग काय जमलं, कुठे अडखळलं, हे पुस्तक कोण वाचेल, आणि पुढे न्यावं की नाही. ‘कादंबरी जरा संथ वाटली’ या वाक्याचा एजंटला उपयोग नाही. ‘आजोबा पहिल्या 40 पानांत वारतात, घराच्या वाटणीचा वाद पेटतो, पण नातीला घर हवंय की मुंबईला जायचंय हे 90व्या पानापर्यंत कळत नाही, म्हणून मधली पानं रेंगाळतात’ हे वाक्य मात्र तो लेखकाला जसंच्या तसं कळवू शकतो. आवडलं नाही म्हणणं सोपं. नेमकं कोणत्या पानावर मन उडालं ते शोधणं हेच खरं काम.

सरावाला पैसे लागत नाहीत. पणजीला पाटोवर कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय आहे, 1832 पासूनची परंपरा असलेलं. तिथून नव्या लेखकांच्या पहिल्या कादंबऱ्या घ्या आणि प्रत्येकीवर एक पान लिहा. इंग्रजी पुस्तकातलं ऋणनिर्देशाचं पान चुकवू नका. बरेच लेखक तिथे आपल्या एजंटचे नाव घेऊन आभार मानतात. आवडलेल्या पुस्तकांच्या मागे कोण आहे ते टिपत गेलात की अर्ज कुठे करायचा याची यादी आपोआप तयार होते.

गोव्यातल्या मुलांकडे आणखी एक भांडवल आहे आणि ते वापरलं जात नाही याची मला खरोखर चुटपुट लागते. घरात मराठी, अंगणात कोंकणी, शाळेत इंग्रजी. काहींना रोमी लिपीतली कोंकणीही सहज वाचता येते. भाषांतराचे हक्क विकणाऱ्याला असा वाचक सहजी मिळत नाही. तेव्हा एखादं मराठी किंवा कोंकणी पुस्तक निवडा, जे अजून इंग्रजीत आलेलं नाही, आणि त्यावर इंग्रजीत रिपोर्ट लिहा. अर्जासोबत हाच जोडायचा.

ईमेल छोटा ठेवा. साधारण असा: ‘मी मडगावला अकरावीत शिकते. तुमच्या एजन्सीनं काम केलेली अमुक कादंबरी वाचली. तिच्यातला बोलीभाषेचा वापर मला फार आवडला. मराठी, कोंकणी आणि इंग्रजी वाचते. मे महिन्याच्या सुट्टीत रोज तीन तास घरून काम करू शकेन. एका कोंकणी कथासंग्रहाचा रिपोर्ट सोबत जोडला आहे. आई-बाबांना कल्पना आहे. त्यांना सीसीमध्ये ठेवलं आहे.’ एकच मजकूर दहा जणांना पाठवू नका, कळतं ते. सुट्टीच्या दोन-तीन महिने आधी लिहा. उत्तर आलं नाही तर तीन आठवड्यांनी एकदा आठवण करून द्या आणि मग पुढच्या नावाकडे वळा.

होकार आला की घरच्यांना बरोबर घेऊनच बोला. अठरा पूर्ण नसताना तुमची सही करारात धरली जात नाही, त्यामुळे गोपनीयतेचं पत्र आलं तर ते आई-वडिलांनी वाचून सही करावी. मानधन आहे का, तास किती, प्रमाणपत्र मिळेल का, हे आधीच विचारून घ्या. विचारण्यात उद्धटपणा नाही. इंटर्नशिपसाठी उलट तुमच्याकडेच कोणी पैसे मागत असेल तर तिथेच थांबा. आणि आलेलं हस्तलिखित मैत्रिणीला, व्हॉट्सअॅप ग्रुपवर किंवा एआय चॅटबॉटला अजिबात देऊ नका. कुणाची तरी कित्येक वर्षांची मेहनत तुमच्या भरवशावर आलेली असते.

नकारच आले तर जवळच्या प्रकाशकाकडे मुद्रितशोधन शिकायला जा, किंवा दोना पावलाच्या इंटरनॅशनल सेंटरमध्ये गोवा आर्ट्स अँड लिटरेचर फेस्टिव्हल भरतो तेव्हा स्वयंसेवक व्हा. लेखक आणि प्रकाशक तिथे समोरासमोर भेटतात. ते काम पुढच्या अर्जात लिहा, नवा रिपोर्ट जोडा आणि त्याच एजन्सींना पुढच्या सुट्टीआधी पुन्हा विचारा.