मुलाच्या पोटगीत बदल मागायचाय? आधी जुना आदेश काढा

आदेश झाला तेव्हा मूल बालवाडीत होतं, आता आठवीत आहे, रक्कम मात्र तीच. असे कागद घेऊन आया आमच्या विधी सेवा केंद्रात येतात. नोकरी गेलेले वडीलही येतात. मी तिथे विधी स्वयंसेविका आहे. दोघांकडेही मी आधी आदेशाची सर्टिफाइड कॉपी मागते.

कोर्टाने तेव्हा कोणता पगार आणि कोणता खर्च धरला होता, ते त्या कॉपीत असतं. तेव्हापासून काय बदललं, एवढंच अर्जात दाखवायचं. संसार का मोडला हे पुन्हा उगाळू नका, त्यात तारखा जातात.

मूळ आदेश ज्या कायद्याखाली झाला, त्यावर अर्जाचं कलम ठरतं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ च्या पोटगीसाठी पूर्वी त्याच संहितेचं १२७ होतं; १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४६ आहे. मुलांची रक्कम हिंदू विवाह कायद्याखालच्या निकालात ठरली असेल तर त्या कायद्याचं कलम २६, आणि कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली असेल तर २५(२).

खरी मेहनत घ्या ती मालमत्ता आणि दायित्वांच्या प्रतिज्ञापत्रावर, म्हणजे उत्पन्न, खर्च, मालमत्ता आणि कर्ज शपथेवर लिहून देण्याच्या कागदावर. सुप्रीम कोर्टाच्या रजनेश विरुद्ध नेहा या २०२० च्या निकालापासून पोटगीच्या प्रकरणात ते दोन्ही बाजूंना द्यावं लागतं. एका ताईंनी 'शिक्षण' म्हणून एकच गोल आकडा लिहून आणला होता. आम्ही तो फोडला: शाळेची फी, बस, वह्या-पुस्तकं, क्लास, चष्मा. प्रत्येक ओळीपुढे पावती, आणि शेजारच्या रकान्यात आदेशाच्या वर्षीचा खर्च. वाढ कुठे झाली ते वाचणाऱ्याला लगेच दिसलं. रक्कम कमी करून हवी असेल तर नोकरी गेल्याचं पत्र, बँकेचे उतारे आणि नव्या नोकरीसाठी केलेले अर्ज जोडा. नुसतं 'परवडत नाही' कोर्टात टिकत नाही.

नवा आदेश होईपर्यंत जुनीच रक्कम लागू असते. फोनवर आपसात काही ठरलं तरी थकबाकी साचत राहते. म्हणून तडजोड झाली तर दोघांच्या सह्यांची पुरसीस (कोर्टात द्यायचं लेखी निवेदन) दाखल करून आदेश घ्याच. तोवर जमेल तेवढे पैसे बँकेतूनच भरा. थकबाकीच्या वसुलीचा अर्ज वेगळा असतो. कलम १२५ किंवा आताच्या १४४ खालची पोटगी असेल तर वॉरंटसाठी तो रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत करावा लागतो. पुष्कळ आयांचे पैसे इथेच अडकतात.

वकील परवडत नाही म्हणून थांबू नका. स्त्रिया आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १५१०० या विधी सेवा हेल्पलाइनवर फोन करा.

मुलगी अठराची होत आली असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगा. स्वतःचा खर्च भागवू न शकणाऱ्या अविवाहित हिंदू मुलीचा हक्क १९५६ च्या दत्तक व पोटगी कायद्याच्या कलम २० मुळे पुढेही राहतो, पण त्याची मागणी वेगळी करावी लागते.