पालेर्मोमध्ये परिषदेच्या पाहुण्यांसाठी अर्ध्या दिवसाची सहल कशी आखावी

आंतरराष्ट्रीय परिषदेच्या तीन-चार दिवसांपैकी एक दुपार बहुधा शहरदर्शनासाठी राखून ठेवलेली असते, आणि स्थानिक संयोजन समितीतील एखाद्याच्या गळ्यात ते काम पडते. इटलीच्या सिसिली बेटावरील पालेर्मोमध्ये हे काम आले, तर हाती येईल तेवढे सगळे दाखवून टाकण्याचा मोह पहिल्यांदा आवरावा. अनेक चर्च, बाजार, ऑपेरागृह आणि समुद्रकिनारा एका दुपारी धावत पाहून थकलेले पाहुणे रात्रीच्या भोजनाला येतात, तेव्हा त्यांना कोणती वास्तू कोणाची हे सांगता येत नाही. एकच सूत्र धरून तीन ठिकाणे निवडावीत आणि प्रत्येक ठिकाणी पाहायला पुरेसा वेळ ठेवावा.

ते सूत्र या शहरात आयतेच मिळते. इ. स. ८३१ पासून १०७२ पर्यंत पालेर्मो अरबांच्या ताब्यात होते. नंतर ते उत्तर फ्रान्समधून आलेल्या नॉर्मन सरदारांनी जिंकले आणि ११३० मध्ये दुसरा रॉजर येथे राजा झाला. त्याच्या दरबाराचा कारभार लॅटिन, ग्रीक आणि अरबी अशा तिन्ही भाषांत चालत असे, आणि त्याच्या इमारतींवर बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या ग्रीक परंपरेतील, मोझेककार व अरबी परंपरेतील चित्रकार यांचे हात एकाच छताखाली दिसतात. या काळातील नऊ वास्तू २०१५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाल्या. वेगवेगळ्या देशांतून आलेल्या अभ्यासकांपुढे ठेवायला याहून समर्पक विषय मला सुचत नाही.

मराठी पाहुणे असतील तर आणखी एक गोष्ट आवर्जून सांगावी. रॉजरच्या आश्रयाला असलेल्या अल्-इद्रिसी या भूगोलकाराने ११५४ मध्ये जगाचे वर्णन आणि नकाशे असलेला जो अरबी ग्रंथ पूर्ण केला, त्यात कोकण किनाऱ्यावरील सोपारा आणि सैमूर, म्हणजे आपले चौल, यांचा उल्लेख आहे. पालेर्मोच्या राजवाड्याशी जोडलेल्या ग्रंथात आपल्या बंदरांची नावे आहेत, हे कळल्यावर ऐकणारा त्या वास्तूकडे निराळ्या नजरेने पाहतो.

आता मार्ग. सुरुवात नॉर्मन राजवाड्यापासून करावी, कारण तो शहराच्या उंच भागात आहे आणि तेथून समुद्राकडे जाणारा जुना कास्सारो रस्ता हळूहळू उतरत जातो. ज्येष्ठ पाहुण्यांना चढ चढावा लागत नाही. (कास्सारो हे नाव अरबी ‘क़स्र’, म्हणजे राजवाडा किंवा गढी, या शब्दावरून आले आहे.) राजवाड्यातून कॅथेड्रल, तेथून क्वात्रो कान्ती हा चौक आणि त्याच्या लगतचा बेल्लिनी चौक असे साधारण एक किलोमीटरचे चालणे होते. राजवाडा आधी घेण्याचे दुसरे कारण असे की, तेथील प्रवेश संध्याकाळपर्यंत चालू नसतो. शिवाय या इमारतीत आजही सिसिलीची प्रादेशिक विधानसभा भरते, त्यामुळे कामकाजाच्या दिवशी राजेशाही दालने सहसा पाहायला मिळत नाहीत. परिषदा बहुधा आठवड्याच्या मधल्या दिवसांत असतात, म्हणून कार्यक्रमपत्रिकेत दालनांचे आश्वासन देऊ नये. ‘कापेला पालातिना’ या राजघराण्याच्या चॅपेलचेच नाव छापावे. तिकिटे आगाऊ घ्यावीत, आणि त्या दिवशी तेथे विवाह किंवा समारंभ नाही ना, याची लेखी खात्री करून घ्यावी.

या चॅपेलला निदान पाऊण तास द्यावा. ११४० मध्ये त्याची स्थापना झाली. घुमटाखाली मोझेकमधील ख्रिस्ताभोवतीची अक्षरे ग्रीक आहेत, मधल्या दालनातील बायबलच्या प्रसंगांवरील मजकूर लॅटिन आहे, आणि मान वर केली की लाकडी छतावर कुफी या जुन्या कोनदार लिपीतील अरबी शुभेच्छा दिसतात. हे छत मुकर्नस पद्धतीचे, म्हणजे मधाच्या पोळ्यासारख्या लहान लहान कोनाड्यांनी घडवलेले आहे. कोनाड्यांवर वादक, मद्यपान करणारे दरबारी, प्राणी, इतकेच नव्हे तर बुद्धिबळाचा डाव मांडून बसलेले दोघे जण रंगवले आहेत. भारतात जन्मलेला हा खेळ इराण आणि अरब देशांतून प्रवास करत ख्रिस्ती राजाच्या प्रार्थनागृहाच्या छतापर्यंत पोहोचला, ही गोष्ट थांबून सांगण्यासारखी आहे. मात्र ही चित्रे फार उंचावर असून नुसत्या डोळ्यांनी नीट दिसत नाहीत. प्रत्येक गटाबरोबर दोन-तीन लहान दुर्बिणी द्याव्यात. बॅगा आणि स्मृतिचिन्हे यांवर होणाऱ्या खर्चापेक्षा हा खर्च अधिक सार्थकी लागतो. राजवाड्यातच रॉजरने ११४२ मध्ये करवून घेतलेल्या जलघड्याळाचा तीन भाषांतील शिलालेख आहे, तो घाईत सुटू देऊ नये.

चॅपेल लहान असल्यामुळे शंभर जण एकदम आत नेणे अशक्य आहे आणि अनुचितही. वीस ते पंचवीस जणांचे गट करावेत, दर वीस मिनिटांनी एक गट आत सोडावा आणि उरलेल्या गटांना तोवर कॅथेड्रल आधी दाखवावे. इटलीत मोबदला घेऊन मार्गदर्शन करण्यासाठी अधिकृत परवाना लागतो, म्हणून ‘आमचा एक विद्यार्थी सगळे सांगेल’ यावर विसंबू नये. प्रार्थनास्थळी मोठ्याने बोलता येत नाही, तेव्हा मार्गदर्शकाचा हळू आवाज ऐकवणारी, कानात लावायची बिनतारी साधने भाड्याने घ्यावीत. मार्गदर्शकाशी आधी तासभर बसून सूत्र समजावून द्यावे, नाहीतर ठरावीक भाषण ऐकायला मिळते.

त्या बैठकीत एक गोष्ट स्पष्ट बोलून घ्यावी. हा काळ केवळ सलोख्याचा म्हणून सांगितला जातो, आणि ते अर्धसत्य आहे. ११६१ च्या उठावात पालेर्मोतील मुसलमानांची कत्तल झाली, आणि पुढच्या शतकात रॉजरचाच नातू दुसरा फ्रेडरिक याने सिसिलीतील मुसलमानांना इटलीच्या मुख्य भूमीवरील लुचेरा येथे हलवले. कॅथेड्रलमध्ये रॉजर आणि फ्रेडरिक या दोघांच्याही तांबड्या-जांभळ्या पोर्फिरी दगडातील समाध्या आहेत. हे सांगायची जागा तीच. त्याच कॅथेड्रलच्या दक्षिण प्रवेशमंडपातील एका खांबावर कुराणातील वचन कोरलेले आहे, ते दाखवायला विसरू नये.

शेवटचा थांबा बेल्लिनी चौकातील मार्तोराना चर्च. रॉजरचा नौदलप्रमुख, अँटिओकचा जॉर्ज, याने ते बांधले. येथील मोझेकमध्ये ख्रिस्त स्वतः रॉजरच्या मस्तकावर मुकुट ठेवतो आहे, आणि राजाचे लॅटिन बिरुद ‘रेक्स’, म्हणजे राजा, ग्रीक अक्षरांत लिहिले आहे. येथे आजही अल्बेनियन वंशाच्या कॅथलिक समाजाची उपासना बायझंटाइन पद्धतीने चालते, म्हणून वेळा बदलू शकतात आणि खांदे व गुडघे झाकलेला पोशाख आवश्यक असतो. ही सूचना आदल्या दिवशीच सर्वांना पाठवावी. शेजारच्या सान काताल्दो चर्चचे तीन लाल घुमट बाहेरून पाहिले तरी चालतात. वेळ उरलाच तर तो झीझा या नॉर्मन राजांच्या महालाला द्यावा. तेथील संग्रहालयात बाराव्या शतकातील एका ख्रिस्ती स्त्रीचा स्मृतिलेख लॅटिन, ग्रीक, अरबी आणि हिब्रू लिपीतील अरबी अशा चार प्रकारे कोरलेला असून, प्रत्येकात वर्ष त्या-त्या समाजाच्या कालगणनेनुसार दिले आहे. आदिलशाहीतील फारसी-मराठी द्वैभाषिक फर्माने पाहिलेल्या अभ्यासकाला तो परका वाटणार नाही. पण झीझा या मार्गावर नाही. तेथे वाहन लागते.

वाहनांबाबत थोडक्यात: जुन्या शहरात वाहतुकीवर निर्बंध आहेत आणि गल्ल्या अरुंद आहेत, त्यामुळे बस राजवाड्याजवळ सोडेल आणि समुद्राकडच्या बाजूला घ्यायला येईल, असे ठरवावे. मोनरेआलेचे कॅथेड्रल आणि त्याच्या मठाच्या अंगणातील जोडीजोडीने उभे असलेले २२८ खांब अप्रतिम आहेत, परंतु शहराबाहेर टेकडीवर असल्यामुळे त्यांच्यासाठी वेगळा अर्धा दिवस हवा. याच दुपारी ते कोंबू नये. जून ते सप्टेंबरमध्ये परिषद असेल, तर उन्हाचा गांभीर्याने विचार करावा. सिसिलीतच ११ ऑगस्ट २०२१ रोजी ४८.८ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले होते. पाण्याच्या बाटल्या, टोप्या आणि चालू न शकणाऱ्यांसाठी टॅक्सीची सोय यांची जबाबदारी एका ठरलेल्या व्यक्तीकडे असावी.

नोंदणी अर्जात चालण्याची अडचण आणि आहार हे दोन प्रश्न सुरुवातीलाच विचारावेत. शाकाहारी पाहुण्यांना पालेर्मोत उपाशी राहावे लागत नाही. ‘पानेल्ले’ हा येथील रस्त्यावरचा पदार्थ डाळीच्या पिठाचा आहे: पीठ पाण्यात शिजवून पातळ थापतात, गार झाल्यावर तुकडे करून तळतात आणि पावात घालून देतात. आपल्या पाटवडीचे हे जवळचे नातलगच म्हणावे. स्फिन्चोने या जाड पिझ्झ्यात मात्र बहुधा अँचोव्ही मासे असतात, ‘आरान्चीने’ या तळलेल्या भाताच्या गोळ्यांत नेहमी खिमा असतो, आणि ‘पाने का मेउसा’ म्हणजे प्लीहेचे मांस भरलेला पाव, हे फलकावर लिहून ठेवावे. बाल्लारो बाजारात पंचवीस जणांचा गट नेऊ नये; ज्यांना हौस आहे त्यांनी दुसऱ्या दिवशी दोघे-तिघे मिळून जावे. सर्वांसाठी बेल्लिनी चौकाजवळ एखाद्या कॅफेत बदामाचा ग्रानिता, म्हणजे बर्फाळ गोड पदार्थ, ठरवून ठेवावा, आणि मार्तोरानाच्या ख्रिस्ती जोगिणींच्या (नन) मठाचे नाव मिळालेली बदामाची रंगीत फळे भेट म्हणून द्यावीत. ती फळे खऱ्यासारखी दिसतात, म्हणून डब्यावर ‘बदाम आणि साखर’ अशी चिठ्ठी लावावी. सुकामेव्याची ॲलर्जी असलेल्यांना ती आधीच वाचता येईल.