कारवारची माणसं बोलत नाहीत? आधी या चुका टाळा

बेळगाव-खानापूरकडची मंडळी अनशी घाट उतरून कारवारला जातात, टागोर बीचवर फोटो काढतात आणि परत येऊन सांगतात, "तिथली माणसं काय बोलत नाहीत बघा." बोलतात की! आपली वेळ चुकते.

सकाळी बैतकोल बंदरात माल उतरत असताना कुणाला गप्पा सुचणार? आणि भर दुपारी गेलात तर भेटायला कुत्रंसुद्धा नसतं. जाळी शिवायला बसलेला माणूस गाठा, हात गुंतलेले असतात, तोंड मोकळं. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. ताजी मासळी कमी म्हणून लोक तेव्हा जात नाहीत, पण बोटवाले निवांत सापडतात ते याच दिवसांत.

मासळी बाजारात तर आपण हमखास घाण करतो. मावशीची भवानी अजून व्हायची असते, आपण चार बांगड्यांचे कल्ले उचलून बघतो, वाट्याचा भाव विचारतो, "बेळगावात यापेक्षा स्वस्त मिळतं" म्हणतो आणि पुढं सरकतो. वर मोबाईल काढून तिचाच फोटो! मग शेजारच्या चौघीही तोंड फिरवतात. आधी एक वाटा घ्या, भाजून खायचा की आमटीला, ते तिलाच विचारा. कोकम किती घालायचं इथपासून सून कुठली इथपर्यंत ती आपणहून येते. फोटो त्यानंतर, विचारून.

रापण, म्हणजे किनाऱ्यावरून दोरीनं ओढायचं मोठं जाळं, ओढताना दिसली तर तेच. कॅमेरा खिशात घाला, विचारून दोरीला हात लावा.

भाषेचं फार टेन्शन नको. घरात कोंकणी, कचेरीत कन्नड, पण मराठी बहुतेकांना कळते. मात्र मराठीत उत्तर आलं की आपला बेळगावकर तिसऱ्या वाक्याला सीमाप्रश्न काढतो. समोरचा "हो, हो" म्हणून चहा संपवतो आणि उठतो. त्यांचा जिव्हाळ्याचा विषय वेगळा असू शकतो. नौदलाचा कदंबा तळ 2005 साली सुरू झाला, त्या प्रकल्पापायी कारवार-अंकोल्याकडची किती तरी कुटुंबं उठली. एखाद्या आजोबांना "तिकडचा किनारा मस्त असेल ना?" असं सहज विचाराल, तर गप्पा तिथंच थांबतील. ते स्वतः सांगू लागले तर मधे बोलू नका.

कुणी घरी जेवायला बोलावलं तर पैसे पुढं करू नका, वाईट दिसतं. निघताना बेळगावचा कुंदा घेतलेला असला की काम झालं.