टीममधला चौथा घोडेस्वार

शाळेच्या घोडेस्वारीच्या टीमसाठी मुलीचं नाव द्यायचं म्हटलं की पालक मला आधी विचारतात, "पडली तर?" मग विचारतात, "याचा पुढे उपयोग काय?" मुलं या दोन्हींतलं काही विचारत नाहीत. त्यांना एवढंच हवं असतं, उडी कधी मारायला मिळणार? तिन्हींची उत्तरं देते. पण आधी सांगून टाकते की चार वर्षांच्या शाळकरी घोडेस्वारीत माझ्या नावावर एकही वैयक्तिक पदक नाही. सांघिक एक आहे, आणि त्यात माझे गुण धरलेले नाहीत. हे नंतर येईलच.

आमच्या घरात घोडा होता तो लाकडाचा. आजोबा सत्तरीतले, शिगम्यात घोडेमोडणी नाचायचे. कमरेला घोड्याचं सोंग, एका हातात लगाम, दुसऱ्यात तलवार, डोक्याला फुलांनी सजवलेलं मुंडासं, आणि ढोल-ताशाच्या ठोक्यावर पुढे-मागे पावलं. मी सहावीत टीमसाठी नाव दिलं तेव्हा आई म्हणाली, "गोव्यात घोडे कुठले?" त्यावर आजोबांनी तिला इतिहास ऐकवला. अरबस्तानातले घोडे समुद्रमार्गे गोव्याच्या बंदरात उतरायचे आणि विजयनगरवाले ते मोजून पैसे देऊन न्यायचे. हे खरंच आहे. पण आज गोव्यात रेसकोर्स नाही, घोड्यांची मोठी परंपरा नाही, सामानाची दुकानंही हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी नाहीत. त्यामुळे आपल्याकडच्या मुलांना बरंच काही स्वतः जुळवावं लागतं, आणि माझ्या मते त्यात नुकसान काही नाही.

पहिले दोन महिने तुम्ही घोड्यावर कमी आणि घोड्याखाली जास्त असता. लीद काढायची, खरारा करायचा, चारही खूर उचलून आकड्याने साफ करायचे, चंदी कधी आणि किती ते शिकायचं, पाण्याच्या बादल्या भरायच्या. एक मोठा घोडा दिवसाला पंचवीस-तीस लिटर पाणी सहज पितो, उन्हाळ्यात त्याहून बरंच जास्त. विहिरीवरून बादल्या आणून माझे हात असे झाले की आईने शाळेत चिठ्ठी लिहायची तयारी केली होती. आमच्या टीममध्ये सुरुवातीला अकरा जण होतो. दिवाळीपर्यंत सहा उरलो. गेलेल्यांपैकी कुणीही पडलं म्हणून गेलं नव्हतं. सगळे लिदीला कंटाळून गेले.

पडण्याचंच सांगायचं तर मी पाच वेळा पडले. टाचेला साधारण इंचभर उंची असलेला बूट घाला, म्हणजे पाय रिकिबीतून आरपार जाऊन अडकत नाही. लगाम हाताला गुंडाळू नका. घोड्याच्या मागून जायचंच असेल तर आवाज देत, अंगावर हात ठेवत जा. हेल्मेट मात्र ताईचं, दादाचं, शेजाऱ्याचं वापरू नका, आणि एकदा जोराने आपटलेलं हेल्मेट वरून कितीही धड दिसलं तरी टाकून द्या. बाकी सगळं जुनं चालतं. माझी ब्रीचेस, म्हणजे घोडेस्वारीची घट्ट विजार, तीन मुलींनी वापरलेली होती.

आता लयीबद्दल. घोडा वॉकमध्ये चार ठोक्यांत चालतो, दुडक्या चालीत म्हणजे ट्रॉटमध्ये दोन, कँटरमध्ये म्हणजे हलक्या दौडीत तीन. ट्रॉटमध्ये एका ठोक्याला खोगिरावरून उठायचं, दुसऱ्याला बसायचं. सर सांगून दमले. माझं उठणं एकीकडे आणि घोड्याचं पाऊल दुसरीकडे. घरी आजोबांनी मांडीवर थाप मारत मला अंगणातल्या स्टुलावर ऊठ-बस करायला लावली. शेजारची माणसं कुंपणावरून बघत होती. आठवड्याभरात जमलं. तुमच्या घरात कुणी फुगडी घालत असेल, दिंडीत नाचत असेल, तर त्यांना विचारा; घोडेस्वारीच्या पुस्तकापेक्षा लवकर कळतं.

गोव्यातल्या नवशिक्याने सगळ्यात आधी काय शिकावं असं कुणी विचारलं, तर मी उडी म्हणणार नाही, हवा म्हणेन. ऊन एकटं असतं तर सोपं होतं. आपल्याकडे हवेत पाणी असतं, आणि घोडा मुख्यतः घामानेच थंड होतो. तो घाम सुकलाच नाही तर काय उपयोग? घोडेवाले एक ढोबळ हिशोब करतात. तापमान फॅरनहाइटमध्ये घ्यायचं, त्यात आर्द्रतेची टक्केवारी मिळवायची. बेरीज 130 च्या खाली असली तर निवांत. 150 च्या वर गेली की काम कमी करायचं, 180 जवळ आली की खोगीर उचलायचंच नाही. आता गोव्याचा एखादा साधा दिवस घ्या: 32 अंश सेल्सिअस म्हणजे सुमारे 90 फॅरनहाइट, आर्द्रता 75. झाले 165! म्हणून आमचा सराव पहाटे साडेपाचला. शाळेत पहिल्या तासाला मी जांभया द्यायचे, आणि अंगाला घोड्याचा वास यायचा तो वेगळाच.

सराव संपला की मुलं पाण्याची बाटली शोधतात. थांबा. आधी घोड्याच्या छातीकडे आणि बरगड्यांकडे बघा. निवांत उभा घोडा मिनिटाला साधारण आठ ते सोळा श्वास घेतो, नाडी अठ्ठावीस ते चव्वेचाळीस. कामानंतर दहा मिनिटांनी श्वास खाली उतरतोय का ते मोजायचं. मानेवर, मांड्यांमध्ये पांढरा फेस दिसला तर घाबरू नका. घोड्याच्या घामात लॅथरिन नावाचं प्रथिन असतं, साबणासारखं, त्यामुळे घाम केसांवर पसरतो आणि फेसाळतो. घाबरायचं ते घाम यायलाच हवा तेव्हा अंग कोरडं असेल तर. दमट हवेत काही घोड्यांचं घाम येणंच बंद पडतं. आमच्याकडे रेसमधून निवृत्त झालेला एक उंच घोडा होता, त्याचं असं झालं. मे महिन्यात तो नुसता उभा राहून धापा टाकायचा. घोड्यांची निगा राखणाऱ्या साईसकाकांच्या ते आमच्याआधी लक्षात आलं. काकांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण घोड्याची कातडी ते आमच्या वह्यांपेक्षा नीट वाचायचे.

आणि गार पाणी. "तापलेल्या घोड्यावर गार पाणी ओतलं की स्नायू आखडतात," असं तुम्हाला कुणीतरी हमखास सांगेल. 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकच्या आधी, तिथल्या उकाड्यासाठी, यावर बरंच संशोधन झालं आणि ही भीती निराधार निघाली. भरपूर गार पाणी, सगळ्या अंगावर, थांबू नका, ओतत राहा, सावलीत, वाऱ्याला. मी हे आमच्या तबेल्यात पहिल्यांदा बोलले तेव्हा दोन मोठी माणसं रागावली होती. एक अजून रागावलेली आहेत.

पावसाळ्याचं थोडक्यात सांगते, कारण त्या चार महिन्यांत सांगण्यासारखं थोडंच घडतं. लाल माती निसरडी होते, मैदान बंद. खोगिरावर, लगामावर बुरशी चढते, रोज पुसा. खुराच्या तळाचा मऊ त्रिकोणी भाग ओलीत राहून कुजतो, आणि तो वास एकदा घेतलात की आयुष्यभर ओळखाल. रोज साफ करायचा, कोरडी जागा द्यायची. नालबंद पाच-सहा आठवड्यांनी यायला हवा. आमचा घाटावरून यायचा, आणि घाटात दरड कोसळली की वाट बघणं आलंच.

आता स्पर्धा. डिसेंबर होता, पेडण्याच्या बाजूचं एक खाजगी मैदान, आणि पाच शाळा. घोडे गाडीतून नेणं खर्चाचं, त्यात तपासण्या आणि दाखले. म्हणून यजमानांचेच घोडे, आणि सोडत काढून वाटप. म्हणजे ज्याच्याशी तुम्ही वर्षभर गूळ-गाजर देऊन मैत्री केली तो घरी, आणि तुम्ही अनोळखी पाठीवर. टोकियो ऑलिंपिकमध्ये मॉडर्न पेंटाथलॉनच्या, म्हणजे पाच खेळ मिळून होणाऱ्या स्पर्धेत आघाडीवर असलेल्या खेळाडूला सोडतीत आलेल्या घोड्याने उडीच मारली नाही, आणि त्यावरून एवढा गदारोळ झाला की पॅरिसनंतर त्या खेळातून घोडेस्वारीच काढली. तेव्हा सोडतीत घोडं पेंड खाऊ शकतं याची तयारी ठेवा. वॉर्म-अपची मिळतील तेवढी मिनिटं ऐट दाखवण्यात घालवू नका. थांबतो कसा, वळतो कुठे कमी, कुठल्या आवाजाला दचकतो, एवढं बघा.

मला चंपा आली. कुमेत घोडी, म्हणजे अंग तपकिरी, आयाळ काळी; बुटकी, कान सतत हलते.

पहिला दिवस ड्रेसाजचा, म्हणजे ठरलेल्या हालचाली घोड्याकडून नेमक्या करून घेण्याचा. 20 गुणिले 40 मीटरचा आखाडा, कडेला अक्षरं: ए, के, ई, एच, सी, एम, बी, एफ. हा क्रम कुठल्याच वर्णमालेत बसत नाही, तो पाठ करण्यासाठी मी केलेलं वाक्य देऊन ठेवते: "आजी कापा एकटीच हाणते चोरून, मी बघते फक्त." कापा म्हणजे फणस, हे गोव्याबाहेरच्यांसाठी. ए मधून आत यायचं, समोर सी जवळ परीक्षक, मध्यभागी एक्स, तिथे थांबून नमस्कार. प्रत्येक हालचालीला शून्य ते दहा गुण, शेवटी टक्के. सहा म्हणजे समाधानकारक. शाळेच्या पेपरातल्या साठ टक्क्यांसारखं तोंड पाडू नका, इथे ते बरं असतं.

मी बी ला घालायचा गोल ई ला घातला. का, ते मला आजही सांगता येत नाही. घंटा वाजली. परीक्षकांनी कुठून पुन्हा सुरू करायचं ते सांगितलं, गुण कापले गेले. अशी चूक पुन्हा पुन्हा झाली तर बाद करतात. आजी, कापा, सगळं डोक्यातून गेलं होतं. बाकी तिघांना 61, 60 आणि 58 टक्के. मला 54.

चौघांची टीम, त्यातले वरचे तीन गुण धरतात. माझे गेले. मी गोठ्यामागे जाऊन रडले, हे लपवण्यात अर्थ नाही. तिथे बसले असताना सर आले आणि म्हणाले, "तू आधी गेलीस. कोपऱ्यातल्या पताका फडफडतात, त्यांना घोडे बिचकतात, हे तू येऊन सांगितलंस. म्हणून बाकीचे तिथे सावध होते." तेव्हा मला ते समजूत काढणं वाटलं. नंतर, 2023 मध्ये हांगझोऊ आशियाई क्रीडा स्पर्धेत भारताने ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण मिळवलं. 1982 नंतर घोडेस्वारीतलं पहिलं सुवर्ण. अनुष अगरवाला 71.088, हृदय छेडा 69.941, दिव्यकृती सिंग 68.176. बेरीज 209.205. चौथी सुदीप्ती हाजेला, 66.706, ते बेरजेत नाहीत. गळ्यात सुवर्णपदक तिच्याही होतं. त्या रात्री मी वहीत ती बेरीज दोनदा करून पाहिली.

दुसरा दिवस उड्यांचा. काठी पाडली तर चार दंडगुण, घोडा अडला तर चार, पडलात तर बाद. सुरू होण्याआधी मैदान पायी फिरू देतात, आणि तिथे मुलं फोटो काढतात. पावलं मोजा! आपलं मोठं पाऊल साधारण नव्वद सेंटिमीटरचं. अशी चार म्हणजे घोड्याची कँटरमधली एक झेप. उडी मारून उतरायला दोन पावलं, पुढची उडी घ्यायला दोन, ती वजा करा. अठरा मीटर म्हणजे वीस पावलं, वजा चार, राहिली सोळा: चार झेपा. मी मोजलं, चार आल्या. फक्त हिशोब मी आमच्या तबेल्यातल्या लांब टांगांच्या घोड्यांचा केला. चंपा बुटकी. चौथ्या झेपेला ती अजून लांब होती, मी तिला ढकललं, तिने बिचारीने प्रयत्न केला, काठी पडली. पाच छोट्या झेपा घेऊ दिल्या असत्या तर पडली नसती. माझ्यानंतर आमच्या टीममधल्या ज्या मुलाला चंपा मिळणार होती त्याला मी धावत जाऊन एवढंच सांगितलं: "पाच. तिला पाच घेऊ दे." त्याची फेरी कोरी गेली, एकही दंडगुण नाही. आम्ही दुसरे आलो.

आता "उपयोग काय" बद्दल. घोडेस्वारीवरच पोट भरणारे थोडे, आणि आपल्याकडे तर अगदी थोडे. पण त्याच्या आजूबाजूला बरंच आहे: प्रशिक्षक, तबेल्याचं व्यवस्थापन, सैन्यातल्या प्राण्यांची देखभाल करणारी रिमाउंट व्हेटर्नरी कोअर, एनसीसीची घोडदळाची युनिटं. मी पशुवैद्यकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा, त्यात शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. बारावीला जीवशास्त्र सोडू नका. पहिल्या प्रात्यक्षिकाला प्राण्याची नाडी शोधायला सांगितली तेव्हा जबड्याखाली बोट ठेवून ती मला लगेच सापडली. बाकीची मुलं मानेवर चाचपत होती. पण खरं सांगू का, घोड्यांचेच डॉक्टर व्हायचं म्हणून येऊ नका. पहिली काही वर्षं गायी, म्हशी आणि कोंबड्याच जास्त भेटतात.

स्पर्धेच्या संध्याकाळी आम्ही चौघांनी यजमानांचे घोडे धुतले. सांगितलं नव्हतं कुणी. चंपाला शेवटचं पाणी घालून मी घरी फोन लावला. आजोबांनी निकाल विचारलाच नाही. म्हणाले, "घोडो नाचलो?"

"घोडी होती," मी म्हटलं. "पाच पावलांत नाचते. मी चार मोजली."

ते बराच वेळ हसत होते.