फायनलवर डाव्या हाताचा विसर पडला

नोकरीसाठी जर्मनीत आलो आणि तिसऱ्या उन्हाळ्यात ग्लायडिंग शिकायला लागलो. सोलो, म्हणजे एकट्याने उडायची परवानगी, मिळून जेमतेम महिना झाला असेल, तेव्हा माझ्याच चुकीने ग्लायडर धावपट्टीच्या अलीकडे, गव्हाच्या शेतात उतरलं. सोलोच्या उंबरठ्यावर असलेल्या आणि नुकते सोलो झालेल्यांसाठी हे लिहितोय.

ग्लायडरला इंजिन नाही, त्यामुळे उतरताना अंदाज चुकला तर पुन्हा वर जाऊन चक्कर मारता येत नाही. आमचं एएसके २१ जातीचं ग्लायडर शांत हवेत ताशी ९० किमी वेगाने १ मीटर खाली येताना ३४ मीटर पुढे जातं. त्या दिवशी समोरून २५ किमीचा वारा होता. त्याच वेगाने १ मीटर खाली येताना जमिनीवरचं अंतर कापलं जातं २५ मीटरच्याही आत, आणि एअरब्रेक (ग्लायडर झपाट्याने खाली आणणाऱ्या पंखांवरच्या फळ्या) उघडले की त्याहून कितीतरी कमी. हे गणित मला पाठ होतं. तरी बेसला, म्हणजे उतरण्याआधीच्या धावपट्टीला आडव्या टप्प्याला, वळलो रोजच्याच झाडापाशी, कारण अल्टिमीटर (उंची दाखवणारं यंत्र) रोजचाच आकडा दाखवत होता. वाऱ्याच्या दिवशी धावपट्टीच्या जवळ राहून वळायला हवं होतं.

फायनलवर, म्हणजे धावपट्टीच्या सरळ रेषेतल्या शेवटच्या टप्प्यावर, आलो तर धावपट्टी चपटी, पातळ दिसायला लागली. याचा अर्थ आपण खाली आहोत. मी काठी (नाक वर-खाली करणारी कंट्रोल स्टिक) मागे ओढली. नाक वर गेलं, क्षणभर बरं वाटलं, पण वेग ९० च्या खाली घसरला आणि ग्लायडर बसायलाच लागलं. खरं तर वाऱ्याचा निम्मा वेग जोडून शंभरच्या आसपास राहायला हवं होतं. जमिनीलगत वारा मंदावतो, तेव्हा हा जास्तीचा वेगच कामी येतो. आणि या सगळ्यात डाव्या हाताने एअरब्रेकचा निळा दांडा अर्धा ओढून धरलाय, याचं मला भानच नव्हतं! तो पुढे ढकलून ब्रेक बंद केले असते, तर बहुतेक पोचलो असतो.

डावा पंख गव्हात अडकला आणि ग्लायडर गर्रकन फिरलं. पाठीला मुका मार लागला, तेवढ्यावर निभावलं.

नंतर पुन्हा इन्स्ट्रक्टरसोबत उडायला लागलो. त्यांनी पहिल्याच दिवशी अल्टिमीटरवर कागद चिकटवला. नुसत्या कोनावरून उंची ओळखायला मला दोन आठवडे लागले. तुम्हीही सोलोआधीच इन्स्ट्रक्टरकडे तो कागद मागून घ्या. आणि धावपट्टी चपटी दिसली, की काठीला हात लावण्याआधी डावा हात कुठे आहे ते बघा.