विंडसर्फिंग बोर्ड टपावर बांधताना
बोर्ड गाडीच्या टपावर उलटा ठेवा, म्हणजे पाय ठेवायची बाजू खाली. पुढचं टोक बॉनेटकडे घेतलं की त्याचा बाक खाली वळतो आणि वारा बोर्ड उचलण्याऐवजी दाबून धरतो. फिन (तळाचं पातं) आणि मास्टचा, म्हणजे शिडाच्या काठीचा, बेस आधी काढा. रॅचेटचा, म्हणजे दांडा हलवून खटक्याखटक्याने आवळायचा, पट्टा नकोच: दोन खटके जास्त बसले की फोमवरचं पातळ कवच पिचकतं. साध्या बकलचे दोन पट्टे हाताने ओढले तरी पुरतात. प्रत्येकाला एक पीळ द्या, म्हणजे वाऱ्यात फडफडत नाहीत. गोव्यातल्या झुआरी पुलावर दुपारनंतर समुद्राकडून आडवा वारा लागतो, तेव्हा अलीकडेच थांबून पट्टे तपासा. दोनापावलाला गाडी उन्हात राहणार असेल तर बोर्डाचा व्हेंट स्क्रू, म्हणजे आतल्या हवेला वाट देणारा छोटा स्क्रू, सैल करा, नाहीतर आतली हवा फुगून कवच सुटतं. पाण्यात उतरण्यापूर्वी मात्र तो आठवणीने घट्ट करा.