घरात कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा कशी टाळावी

स्वयंपाकाचा गॅस गळला की वास येतो, कारण तो वास त्यात मुद्दाम मिसळलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, डोळेही चुरचुरत नाहीत. हवा कमी पडून इंधन अर्धवट जळलं की तो तयार होतो आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. तेव्हा नाकावर भरवसा नको. आधी घरभर फिरून काय काय जळतं ते बघा.

पहिल्यांदा कोळशाची शेगडी बाहेर काढा. निखारे फुलले की धूर थांबतो, म्हणून ते निर्धोक वाटतात. वायू मात्र निघतच असतो. उबेसाठी शेगडी खोलीत घेऊन, दार लावून झोपणं सगळ्यात घातक. खिडकी फटभर उघडी ठेवूनही भागत नाही.

मग गॅस गिझर. तो बाथरूमबाहेर, मोकळ्या हवेत बसवा. आतच असेल तर जळालेले वायू पाइपने थेट बाहेर जायला हवेत आणि ताजी हवा आत यायला झरोका हवा. एक्झॉस्ट फॅन लावला की झालं, असं नाही. आत हवा यायला वाट नसेल तर तोच पंखा पाइपमधले वायू उलटे खोलीत ओढतो.

बर्नरची ज्योत निळी हवी. ती पिवळी पडली, भांड्यांना काजळी धरू लागली, की दुरुस्तीवाल्याला बोलवा. गिझर आणि पाइप वर्षातून एकदा तपासून घ्या. पाइपात पक्ष्याचं घरटंही निघतं. जनरेटर घरापासून किमान ६ मीटर लांब ठेवा. गॅरेजचं शटर उघडं असलं तरी आत गाडी चालू ठेवू नका.

झोपायच्या खोलीजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. धुराचा अलार्म वेगळा, तो इथे कामाचा नाही. महिन्यातून एकदा बटण दाबून पाहा आणि त्यावर छापलेली मुदत संपली की बदला.

डोकं दुखतंय, गरगरतंय, मळमळतंय, पण ताप नाही; घरात सगळ्यांना एकदमच होतंय आणि बाहेर गेलं की बरं वाटतंय? लगेच सगळ्यांना घेऊन बाहेर पडा, रुग्णवाहिकेला फोन बाहेरूनच करा. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका, अशा वेळी तो आकडा चांगलाच दाखवतो. बरं वाटलं तरी रुग्णालयात जाच: साध्या हवेत रक्तातला निम्मा वायू निघायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण दीड तास.